जस्ताच्या बाथमधील विरघळलेले ॲल्युमिनियम: संवेदक कसा निवडावा, बसवावा आणि वाचावा

कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाढलेल्या माणसाला वितळलेल्या धातूची तपासणी नव्याने शिकवावी लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीत दिवसातून कितीतरी वेळा सीई कपात लोखंड ओतले जाते, ते गोठतानाच्या तापमानाच्या वक्रावरून कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि सिलिकॉन यांचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा) काढला जातो, तांब्याच्या साच्यात गोठवलेला नमुना स्पेक्ट्रोवर (ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) जातो आणि हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा तो घाणा, ओतायची की दुरुस्त करायची ते तिथल्या तिथे ठरते. इथून डिप्लोमा करून तारापूर, वासिंद, खोपोली किंवा कळमेश्वरच्या गॅल्व्हनायझिंग लाइनवर (पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या) गेलेली मुले हीच सवय बरोबर नेतात आणि पहिल्या काही महिन्यांत तिथेच अडखळतात. लोखंडाची हीट ओतली की संपते. जस्ताचा पॉट, म्हणजे वितळलेल्या जस्ताचे भांडे, मात्र वर्षानुवर्षे भरलेलाच राहतो. त्यात रोज नवे जस्त पडते, पत्रा रोज त्यातून काही उचलून नेतो आणि काही त्यात सोडून जातो. अशा धातूचा पाळीतून एकदा घेतलेला नमुना हा चालत्या गाडीचा एक फोटो असतो. पॉटमध्येच बुडून राहणारा रासायनिक संवेदक हवा असतो तो यासाठी. तो कसा वापरावा हे पुढे लिहिले आहे. ज्यांना केवळ सुटे सामान बुडवायचे आहे, अशा केटलवाल्यांसाठी (केटल म्हणजे वितळलेल्या जस्ताची टाकी) शेवटी वेगळा सल्ला आहे.

आधी काय मोजायचे ते नक्की करावे. पत्र्याच्या अखंड लाइनवरील पॉट साधारण ४६० अंश सेल्सिअसवर असतो आणि त्यात ॲल्युमिनियम ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या दरम्यान असते. साध्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी ते ०.१६ ते ०.२२ टक्के ठेवतात आणि मोटारीच्या अंगाला लागणाऱ्या गॅल्व्हनील्ड पत्र्यासाठी (मुलाम्यानंतर भट्टीत तापवून लोखंड मुलाम्यात मिसळू दिलेल्या) ०.१२ ते ०.१४ टक्के. एवढ्याशा ॲल्युमिनियमचे काम मोठे आहे. पत्रा जस्तात शिरताच सेकंदाच्या काही अंशात त्याच्या अंगावर लोह-ॲल्युमिनियम संयुगाचा अतिशय पातळ थर बसतो आणि हा थर लोखंड व जस्त यांची ठिसूळ संयुगे वाढू देत नाही. थर नीट बसला नाही तर पत्रा वाकवताना मुलामा सोलून निघतो. ॲल्युमिनियम गरजेपेक्षा जास्त झाले तर गॅल्व्हनील्ड पत्र्यावर लोखंड मुलाम्यात शिरायला वेळ लागतो, आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या पत्र्यावर न पिकलेले चकचकीत पट्टे दिसतात.

मात्र पॉटमधले सगळे ॲल्युमिनियम हे काम करत नाही. पत्र्यावरून सुटलेले लोखंड जस्तात फारच थोडे विरघळते: ४६० अंशांना, ॲल्युमिनियम नसताना, ०.०३ टक्क्यांच्या आसपास, आणि ॲल्युमिनियम वाढेल तसे त्याहूनही कमी. उरलेले लोखंड ॲल्युमिनियमला धरून बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते. हे कण जस्तापेक्षा हलके असल्याने वर येतात आणि सायीसारखे जमतात; हाच वरचा ड्रॉस. ॲल्युमिनियम ०.१३५ टक्क्यांच्या आसपासच्या सीमेखाली गेले की कणांची जात बदलते. ते लोह-जस्ताचे, जड होतात आणि तळाशी बसतात. प्रयोगशाळेत नमुना आम्लात विरघळवला किंवा स्पेक्ट्रोवर जाळला तर विरघळलेले आणि कणांत अडकलेले असे दोन्ही ॲल्युमिनियम एकत्र मोजले जाते. विद्युत-रासायनिक संवेदक फक्त विरघळलेले मोजतो, आणि पत्र्यावर थर बसवतो तो तेवढाच भाग. संवेदक घेण्याचे खरे कारण हे आहे. लवकर आकडा मिळणे हा फायदा दुय्यम आहे, आणि विक्रेते नेमके तेच पुढे करतात.

संवेदकाची रचना कागदावर साधी असते. एका बाजूला शुद्ध ॲल्युमिनियमची तार असते, जी ६६० अंशांपर्यंत वितळत नाही आणि म्हणून पॉटच्या तापमानाला घनच राहते. दुसऱ्या बाजूला पॉटमधले जस्त. मध्ये ॲल्युमिनियमचे आयन वाहून नेणारे माध्यम असते. ते बहुधा ॲल्युमिनियम क्लोराइड आणि मीठ यांचा दुहेरी क्षार असते, जो दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो, आणि काही रचनांत सिरॅमिकचे घन माध्यम असते. शुद्ध तारेतले ॲल्युमिनियम आणि जस्तात पातळ झालेले ॲल्युमिनियम यांच्या रासायनिक ओढीत जो फरक असतो तो व्होल्टेजच्या रूपाने बाहेर येतो. ॲल्युमिनियमचा आयन तीन इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे ४६० अंशांना विरघळलेले ॲल्युमिनियम दहापट बदलले की व्होल्टेज सुमारे ४८.५ मिलिव्होल्टने बदलते.

या आकड्याचा अर्थ हातात धरून पाहिला पाहिजे. ०.२० टक्क्यांवरून ०.१९ वर आलो तर फरक पडतो तो केवळ १.१ मिलिव्होल्टचा. ०.१४ वरून ०.१३ वर, म्हणजे जिथे ड्रॉसची जात बदलते त्या नाजूक जागी, फरक पडतो १.६ मिलिव्होल्टचा. म्हणजे मिलिव्होल्टच्या दशांशाइतका भरवसा नसेल तर या संवेदकाचा उपयोग नाही, आणि केबल, जोड, अर्थिंग, तापमान या सगळ्यांची काळजी त्याच मापाने घ्यावी लागते. पॅनलवर पहिल्यांदा बसणारा ऑपरेटर हमखास विचारतो, “साहेब, मिलिव्होल्ट वाढले, म्हणजे ॲल्युमिनियम वाढलं ना?” उलट आहे. जस्तातले ॲल्युमिनियम जेवढे कमी, तेवढा शुद्ध तारेपासूनचा फरक मोठा आणि व्होल्टेज जास्त. पडद्यावर टक्केवारी दिसत असेल तेव्हा हा घोळ होत नाही, पण बिघाड शोधताना कच्चे मिलिव्होल्टच पाहावे लागतात. म्हणून हे वाक्य पॅनलच्या दारावर मराठीत लिहून चिकटवलेले बरे.

निवड करताना मी तीन गोष्टी पाहतो आणि बाकीच्या माहितीपत्रकाकडे फारसे लक्ष देत नाही. पहिली, संवेदकाच्या टोकालाच तापमान मोजणारा थर्मोकपल जोडलेला आहे का. पॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या थर्मोकपलवरून दुरुस्ती करणारी रचना मी नाकारतो, कारण पाच-सहा अंशांचा फरक सहज मिलिव्होल्टच्या घरात जातो आणि तेवढ्यात टक्केवारीचा दुसरा दशांश खोटा ठरतो. दुसरी, जस्ताच्या बाजूचा संपर्क कशाचा आहे. साध्या लोखंडी सळईवर पॉटमधले ॲल्युमिनियमच येऊन बसते आणि तिच्याभोवतीचे जस्त बाकीच्या पॉटसारखे राहत नाही. मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट बरे. दोन बाजूंच्या तारा वेगवेगळ्या धातूंच्या असतील तर गरम टोकापासून थंड टोकापर्यंत त्यांचे स्वतःचे तापविद्युत व्होल्टेज तयार होते; ते किती हे पुरवठादाराने लेखी दिले पाहिजे आणि उपकरणाने ते वजा केले पाहिजे. तिसरी, मोजणाऱ्या उपकरणाचा इनपुट रोध किमान १० मेगाओम असावा. संवेदकाच्या विद्युत-घटातून थोडासाही प्रवाह ओढला गेला तर त्याची पातळी सरकते आणि आपण मोजतो ते पॉटचे व्होल्टेज उरत नाही.

५ टक्के ॲल्युमिनियमचा गॅल्फान किंवा ५५ टक्क्यांचा, ६०० अंशांच्या आसपास चालणारा गॅल्व्हॅल्यूम यांच्या पॉटसाठी हा संवेदक नाही. तिथे ॲल्युमिनियम हा मुख्य घटक आहे आणि प्रश्नच वेगळा आहे.

जागेची निवड ही निम्मी लढाई आहे. इनगॉट (जस्ताची लादी) टाकण्याच्या बाजूला संवेदक कधीही बसवू नये. सुमारे टनभराचा थंड इनगॉट उतरतो तेव्हा त्याच्याभोवतीचे जस्त थंड होते, लोखंडाची विद्राव्यता घटते, तिथल्या तिथे कण तयार होतात आणि संवेदक त्या कोपऱ्याचीच कथा सांगत बसतो. पॉट तापवणाऱ्या इंडक्टरच्या तोंडाजवळही तो नको, कारण तिथला प्रवाह जोरदार असतो आणि त्याचे विद्युतचुंबकीय पडसाद दशांश मिलिव्होल्टच्या मोजणीत सहज उतरतात. पत्रा पॉटमध्ये बुडलेल्या सिंक रोलला वळसा घालून जिथून वर निघतो त्या बाजूचा, पत्र्यापासून हातभर दूरचा कोपरा मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. टोक पृष्ठभागाखाली ३० ते ४० सेंटीमीटर असावे, म्हणजे वरची साय त्याला लागत नाही आणि तळचा गाळही ढवळून त्यावर येत नाही. सिग्नलची केबल दुहेरी पिळाची, आवरण असलेली आणि मोटारींच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्यावी. तिचे आवरण पॅनलच्याच बाजूला अर्थ करावे, दोन्ही बाजूंना नाही.

बुडवण्याची क्रिया घाईची नाही. संवेदकाचे टोक प्रथम जस्तावर हातभर उंचीवर दहा-पंधरा मिनिटे धरून कोरडे व गरम करावे, तोवर खालची साय खरडून बाजूला सारावी, आणि मग उघड्या चकचकीत जस्तात सावकाश उतरवावे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट होते. ओलसर टोक किंवा ओली पळी जस्तात गेली की ते जस्त अंगावर येते. फाउंड्रीत ओल्या साच्याची भीती सगळ्यांना असते, पण जस्त फक्त ४६० अंशांवर आणि शांत दिसते म्हणून जुने लोकही इथे गाफील राहतात. चेहऱ्यावर शील्ड, चामडी हातमोजे आणि पायात बूट, याला अपवाद नको. उतरवल्यावर पहिला अर्धा तास आकडा लिहू नये. टोकाचे तापमान पॉटशी जुळून मिलिव्होल्ट दहा मिनिटे स्थिर राहिले की मोजणी सुरू झाली असे समजावे.

आता मापनशुद्धीकडे (कॅलिब्रेशनकडे) वळतो, कारण प्रयोगशाळा आणि संवेदक यांच्यातली भांडणे इथेच होतात. पॉट शांत असताना, म्हणजे तीन-चार तास एकाच जाडीचा माल एकाच वेगाने चालू असताना आणि नुकताच इनगॉट पडलेला नसताना, संवेदकाच्या शेजारूनच, त्याच खोलीवरून, कोरड्या व गरम पळीने नमुना घ्यावा आणि तांब्याच्या साच्यात झटकन गोठवावा. सावकाश गोठलेल्या नमुन्यात ॲल्युमिनियम आणि कण एका बाजूला गोळा होतात आणि स्पेक्ट्रोच्या प्रत्येक ठिणगीला वेगळा आकडा येतो. प्रयोगशाळेकडून ॲल्युमिनियमबरोबर लोखंडाचाही आकडा मागावा. बहुतेक ठिकाणी तो मागितला जात नाही.

समजा, प्रयोगशाळेने एकूण ॲल्युमिनियम ०.२१ टक्के आणि एकूण लोखंड ०.०३० टक्के दिले. ४६० अंशांना या पातळीवर विरघळू शकणारे लोखंड सुमारे ०.०१३ टक्के असते. म्हणजे ०.०१७ टक्के लोखंड कणांत आहे. त्या संयुगात लोखंडाच्या एका भागामागे ॲल्युमिनियमचे सुमारे १.२ भाग वजनाने जातात, म्हणून कणांत अडकलेले ॲल्युमिनियम सुमारे ०.०२ टक्के. विरघळलेले उरते ०.१९ टक्के. संवेदक ०.१९ दाखवत असेल तर तो बरोबर आहे आणि प्रयोगशाळाही बरोबर आहे. संवेदकाला ‘दुरुस्त’ करून ०.२१ वर आणणारा माणूस चांगले उपकरण बिघडवतो. या दोन आकड्यांतले अंतर ही स्वतःच एक मोजणी आहे: ते वाढत असेल तर पॉटमध्ये तरंगणारा ड्रॉस वाढतो आहे, आणि थोड्याच वेळात तो पत्र्यावर पुटकुळ्यांच्या रूपाने दिसेल.

असे तीन-चार वेगवेगळ्या पातळ्यांचे नमुने जमले की विरघळलेल्या ॲल्युमिनियमच्या लॉगॅरिथमसमोर मिलिव्होल्टची रेष काढावी. रेषेचा उतार सिद्धांताने ठरलेला आहे, आपण ठरवायचा नाही. आपल्या हातात फक्त रेष वर किंवा खाली सरकवणे आहे. उतार ४८.५ च्या ऐवजी ४० आला तर सॉफ्टवेअरमध्ये ४० भरून मोकळे होऊ नये. आवरणाला तडा गेला आहे, क्षार गळतो आहे किंवा कुठेतरी विद्युत गळती आहे, असाच त्याचा अर्थ असतो आणि संवेदक बदलावा लागतो.

रोजच्या वाचनात तापमान आणि संवेदकाचा आकडा नेहमी जोडीने पाहावेत. पॉट ४६० वरून ४५० अंशांवर आला तर ॲल्युमिनियम कुणी बाहेर काढलेले नसतानाही विरघळलेला भाग घटतो, कारण लोखंड कणांच्या रूपाने बाहेर पडताना ॲल्युमिनियमला बरोबर घेऊन जाते. अशा वेळी ॲल्युमिनियम घालण्याऐवजी तापमान सावरावे. तापमान स्थिर असून आकडा दोन-तीन तास एकाच दिशेने सरकत असेल तेव्हाच हिशेब करावा. २०० टनांच्या पॉटमध्ये ०.०१ टक्का वाढवायला २० किलो ॲल्युमिनियम लागते, म्हणजे १० टक्के ॲल्युमिनियम असलेले ब्राइटनर (पॉटमध्ये टाकायची जस्त-ॲल्युमिनियमची मिश्रधातू) सुमारे २०० किलो. ते एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत टाकावे आणि प्रत्येक हप्त्यानंतर आकडा बसू द्यावा. पत्र्यावरच्या थरामुळे मुलाम्यातले ॲल्युमिनियम पॉटपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे पॉटइतक्याच ॲल्युमिनियमचे इनगॉट भरत राहिलो तर पातळी हळूहळू खाली येणारच. पातळ मुलाम्याचा आणि रुंद पत्र्याचा माल लागला की ती अधिक वेगाने येते. उत्पादनाचे वेळापत्रक संवेदकाच्या आलेखाशेजारी ठेवले की ही गोष्ट डोळ्यांना दिसते.

बिघाडांपैकी सर्वांत फसवा बिघाड आपल्या पावसाळ्याचा असतो. ॲल्युमिनियम क्लोराइड हवेतली ओल ओढते आणि पाण्याशी संयोग पावून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. एका जुलैत मी नव्या संवेदकाचे पाकीट संध्याकाळी फोडून टोक रात्रभर पॅनलवर तसेच ठेवले. सकाळी बुडवताना त्यातून पांढरा धूर निघाला आणि दिवसभर आकडा पाच-सहा मिलिव्होल्टच्या पट्ट्यात हेलकावे खात राहिला. वरच्या मिलिव्होल्टकडे, म्हणजे खोट्या कमी ॲल्युमिनियमकडे पाहून पाळीने दोनदा ब्राइटनर घातले, आणि चार तासांनी प्रयोगशाळेचा ०.२४ चा आकडा आला. पुढचे दोन दिवस साय काढण्यात गेले. चूक माझी होती, संवेदकाची नव्हती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर संवेदक सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात, जेल गुलाबी झाली की भाजून निळी केली जाते, आणि पाकीट बुडवण्याच्या पाळीतच, पॉटच्या शेजारी फोडले जाते.

बाकीचे बिघाड ओळखायला सोपे आहेत. मिलिव्होल्ट एकदम शून्याजवळ आले तर बहुधा दोन तारा कुठेतरी एकमेकींना लागल्या आहेत. इंडक्टरची शक्ती बदलताच आकडा उडी मारत असेल तर अर्थिंग तपासावे. मिलिव्होल्ट दिवसेंदिवस एकाच दिशेने सरकत असतील आणि प्रयोगशाळा मात्र स्थिर असेल तर संवेदकाचे आयुष्य संपत आले आहे. शक्य असेल तेव्हा नवा संवेदक जुन्याशेजारी एक पाळी तरी बरोबरीने बुडवून ठेवावा, दोघे ०.३ मिलिव्होल्टच्या आत जुळले की जुना काढावा.

आता सुट्या सामानाच्या केटलबद्दल. टॉवरचे कोन, रस्त्याकडेचे क्रॅश बॅरियर, सोलरचे सांगाडे, जाळ्या अशा मालासाठी केटल साधारण ४४५ ते ४५५ अंशांवर चालते आणि चकाकीसाठी त्यात ॲल्युमिनियम ०.००५ टक्क्यांच्या आसपासच ठेवतात. ते ०.०१ च्या वर गेले तर नवसागर असलेल्या फ्लक्सशी त्याची क्रिया होऊन मालावर काळे, न चढलेले डाग राहतात. इतक्या कमी ॲल्युमिनियमचा मोठा भाग पृष्ठभागावरच जळून आणि फ्लक्समध्ये जात असतो, वरच्या आणि खालच्या जस्तात फरक पडतो, आणि दर बुडीला केटल ढवळली जाते. अशा ठिकाणी महागडा संवेदक घ्यावा असे मला वाटत नाही. तोच पैसा दोन चांगल्या थर्मोकपलांवर आणि रोजच्या एका स्पेक्ट्रो नमुन्यावर घालावा. स्पेक्ट्रोची सोय आपल्याकडे फाउंड्रींमुळे हाताशी आहे, फक्त जस्ताचे कॅलिब्रेशन त्या यंत्रावर आहे याची आधी खात्री करावी. लोखंडाच्या प्रोग्रॅमवर जाळलेल्या जस्ताच्या नमुन्याचा आकडा कागदावर छापून येतो, पण त्याला अर्थ नसतो.

त्या नमुन्यात ॲल्युमिनियमबरोबर निकेल आणि लोखंड पाहावे. सिलिकॉन ०.०३ ते ०.१२ टक्के असलेले पोलाद जस्ताशी बेफाम क्रिया करते आणि मुलामा जाड, करडा होतो. त्याला आवर घालायला निकेल ०.०५ ते ०.०६ टक्के ठेवतात, आणि त्यापुढे गेले की ते ड्रॉसमध्ये जाऊन वाया जाते. लोखंड ०.०३ च्या वर दिसू लागले तर पिकलिंगनंतरचे (आम्लात गंज काढल्यानंतरचे) धुणे अपुरे पडते आहे आणि लोखंडाचे क्षार मालाबरोबर केटलमध्ये येत आहेत. तिथे गेलेले एक किलो लोखंड सुमारे २५ किलो जस्त गाळात घेऊन बसते. हा हिशेब एकदा मालकांसमोर मांडला की धुण्याच्या टाकीचे पाणी वेळेवर बदलू लागते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला होता. अशा दिवसांत बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पोहोचत नाही आणि पॉट मात्र थंड करता येत नाही. म्हणून जून उजाडण्याआधी निदान दोन सीलबंद संवेदक, जादा थर्मोकपल आणि मापनशुद्धीचे जुने नमुने आवारातच, जमिनीपासून उंच मांडणीवर असावेत. वापरून झालेले संवेदक नाल्यात किंवा भंगारात टाकू नयेत. उरलेला क्षार पाण्याशी आम्ल सोडतो, त्यामुळे ते कोरड्या झाकणबंद डब्यात साठवून इतर घातक कचऱ्याबरोबर अधिकृत वाहनानेच पाठवावेत आणि त्या डब्यावर ‘पाणी लावू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे.